रजेवर कोल्हापूरला: सेवेतल्या जोडप्याने घर आणि मंडळी दोन्ही कसं सांभाळावं

मेळघाटात किंवा डांगात ख्रिस्ती मिशनची सेवा करणारं जोडपं दोन-तीन वर्षांनी कोल्हापूरला येतं, तेव्हा त्या थोड्या दिवसांवर तिघांचा हक्क असतो. घरच्यांचा, लहानपणापासूनच्या मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांचा, आणि ज्या मिशनने पाठवलं तिचा. तिघांनाही वाटतं, सगळे दिवस आपलेच. आधी कागदावर वाटणी केली नाही तर मंडळी आणि मिशन मिळून घराचे दिवस खाऊन टाकतात, आणि शेवटच्या दिवशी डबा भरताना आई म्हणते, "आलास कवा आन् चाललास कवा?"

पुढचा आराखडा बारा दिवसांचा आहे. गुरुवारी दुपारी पोहोचायचं, पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी निघायचं. मध्ये दोन रविवार येतात. एकाच रविवारात भेट, अहवाल, अर्पण आणि निरोप कोंबायचा म्हटलं की सगळंच अर्धवट होतं, म्हणून दोन रविवार हवेतच. उदाहरणासाठी मेळघाटातून येणारं जोडपं धरलं आहे. दुसरीकडून येणाऱ्यांनी गाडी बदलून वाचावं, बाकी सगळं तेच.

तारखा

जुलै-ऑगस्ट सोडा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्याच्या वर चढत गेलं की शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडू शकतो. २०१९ आणि २०२१ साली तो बंद पडलाही. तेव्हा शहरात असाल तर अडकाल आणि बाहेर असाल तर पोहोचणार नाही. नवरात्रही टाळा. अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत लॉज मिळत नाहीत आणि महाद्वार रोडच्या आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात. चैत्रात जोतिबाची यात्रा असते, तेव्हाही तेच. मे महिन्यात नातेवाईक घरी सापडतात खरे, पण निम्मे लग्नाला गेलेले असतात आणि उरलेले तुम्हाला लग्नाला ओढतात.

मंडळीचं कॅलेंडर वेगळं पाहावं. नाताळच्या आठवड्यात पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) श्वास घ्यायला वेळ नसतो. झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत (ईस्टरपर्यंत) बाहेरच्या कोणी वेळ मागूच नये. हंगामाच्या सणाच्या दिवशी भाज्या, धान्य, कोंबड्या, नारळ यांचा लिलाव दीड-दीड तास चालतो. त्या गडबडीत तुमचा अहवाल कोणाच्या कानात शिरत नाही.

राहतात दोन चांगले काळ. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंतचे दिवस. आईवडील पेन्शनर असतील तर नोव्हेंबर घ्या. हयातीचा दाखला ३० नोव्हेंबरच्या आत बँकेत द्यायचा असतो. म्हाताऱ्या माणसाला रांगेत धरून नेणारा मुलगा किंवा सून त्या महिन्यात घरी असणं, ही बाजारातून आणलेल्या कुठल्याही भेटीपेक्षा मोठी गोष्ट.

एक गणित आणखी जमवता आलं तर पाहा. बहुतेक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असतं. त्या दिवशी उपासना आधीच लांबते, म्हणून अहवालाला तो रविवार नको. पण तुमचा पहिला रविवार नेमका तोच आला तर उत्तम. सगळं घर एका बाकावर बसतं, प्रभुभोजन सोबत घेतं, आणि तुम्हाला काही बोलावं लागत नाही. अहवाल मग दुसऱ्या रविवारी.

गाडी

अमरावतीकडून यायला महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची. ती गोंदियाहून निघते, बडनेऱ्याला थांबते, भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज करत दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला पोहोचते. गाडी बदलायची नाही, म्हणून सामान आणि लेकरं असतील तर हीच बरी. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलतं. दिवाळीनंतरच्या परतीच्या गर्दीत दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर वेटिंग हाती येतं. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं ज्या त्या दिवशी सकाळीच काढा. परतीचं तिकीट नंतर काढू म्हणणारे शेवटी पुण्यापर्यंत एसटीने जातात. तत्काळवर भिस्त ठेवायचीच असेल तर एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला, आदल्या दिवशी उघडतं, एवढं लक्षात ठेवा.

मुंबईहून येणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची. गाडी उशिरा धावत असेल तर मिरजेला उतरून एसटी धरावी. मिरज-कोल्हापूर अंतर पन्नासेक किलोमीटर आहे आणि बसेस भरपूर आहेत. मिरजेपुढे गाडी रेंगाळली की तासाभराच्या वाटेला दोन तास लागतात. खासगी बसने आलात तर ड्रायव्हर महामार्गावरच्या तावडे हॉटेलजवळ उतरवून मोकळा होतो. पहाटे चारला तिथे लेकरांसह उभं राहण्यापेक्षा बस गावात येणार का, हे तिकीट काढतानाच विचारावं.

रिक्षावाल्याला नुसतं "चर्चला चला" म्हणू नका. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल वेगळं, ऑल सेंट्स वेगळं, ब्रह्मपुरीकडचं वेगळं. पूर्ण नाव आणि जवळची खूण दोन्ही सांगा. रविवारी सकाळी दुसऱ्याच चर्चच्या फाटकात उतरलेले पाहुणे काही कमी नाहीत.

मंडळीला पत्र

निघायच्या सहा आठवडे आधी पत्र गेलं पाहिजे. पाळकसाहेबांना एक आणि मंडळीच्या सेक्रेटरींना एक, मजकूर एकच. फोनवर "या की हो, कधीपण या" असं ऐकलं तरी पत्र पाठवाच. निर्णय कमिटी घेते, कमिटीची सभा महिन्यातून एकदा होते, आणि सभेत फोन वाचून दाखवता येत नाही. चुलत भाऊ कमिटीवर आहे म्हणून त्याच्याकडून परस्पर जमवून घेण्याची वाट तर मुळीच धरू नका. ज्यांचं त्याच्याशी पटत नाही ते तुमच्याही विरोधात जातात, आणि तुम्हाला कारणही कळत नाही.

मजकूर एका पानाच्या आत असावा. साधारण असा:

"आदरणीय पाळकसाहेब व कमिटीचे सभासद यांस, जय ख्रिस्त. आम्ही उभयता अमुक मिशनच्या वतीने अमुक वर्षापासून अमुक तालुक्यात सेवा करत आहोत. दिनांक अमुक ते अमुक आम्ही कोल्हापुरात घरी आहोत. अमुक तारखेच्या उपासनेत सेवेचा अहवाल देण्यासाठी १० मिनिटे मिळावीत, ही नम्र विनंती. उपदेशाची अपेक्षा नाही. त्या दिवशी सेवेसाठी वेगळे अर्पण घ्यावे की नाही, हा निर्णय सर्वस्वी मंडळीचा. महिला मंडळ व शब्बाथ शाळेत वेळ मिळाल्यास आनंद होईल. मिशनचे ओळखपत्र सोबत जोडले आहे."

यातली दोन वाक्यं मोलाची. "उपदेशाची अपेक्षा नाही" म्हटलं की पाळकसाहेबांना आपला रविवार कोणी घेतोय असं वाटत नाही. बऱ्याचदा ते मग आपणहून उपदेशही देऊ करतात. आणि अर्पणाचा निर्णय त्यांच्यावर सोडला की पैशासाठी आला, हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. ओळखपत्र म्हणजे मिशनच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं, चालू वर्षाचं पत्र. गळ्यातलं कार्ड नव्हे. शब्बाथ शाळा म्हणजे मंडळीतल्या मुलांची रविवारची शाळा.

तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर सेक्रेटरींना एक फोन करा. पाळकसाहेबांना दुसरं पत्र नको, त्यात तगादा दिसतो.

पहिले तीन दिवस घराचे

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी बाहेर कुठे जायचं नाही. कोणी कितीही आग्रह करो, "सोमवारपासून येतो" एवढंच उत्तर. आईच्या हातचं खायचं, बापाच्या औषधांची पिशवी उघडून मुदत संपलेल्या गोळ्या काढून टाकायच्या, बँकेतलं वारसाचं नाव, आधार-मोबाइल जोडणी, गॅसचं कार्ड, असली कामं उरकायची. लांब राहणाऱ्या मुलाने फोनवरून अशी कामं सांगितली की होत नाहीत, शेजारी बसून केली की एका दुपारी होतात.

जोडप्यातल्या दुसऱ्याचं माहेर किंवा घर गडहिंग्लज, निपाणी, मिरज असं आसपास असेल तर त्याची वाटणी तारखेनिशी आधीच सासू-सासऱ्यांना सांगा. बारा दिवसांतले चार तिकडचे, रात्री मुक्कामासह. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलात तर तिकडे ते येणं धरलं जात नाही. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा काळ असतो. अंधारात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या गावाकडच्या रस्त्यांवर असतात, म्हणून मोटरसायकलवरून दिवस मावळल्यानंतर निघू नका. "दोन पावलांवर तर आहे" म्हणून रात्री निघणाऱ्यांचे अपघात होतात ते याच ट्रॉल्यांमागे.

नातेवाइकांची यादी करताना दिवसाला दोन घरं, त्यापुढे नाही. प्रत्येक घरात चहा, पोहे, वर जेवूनच जा. तिसऱ्या घरात पोट ऐकत नाही आणि नाही म्हटलं तर "गरिबाकडचं चालत नाही व्हय?" हे ऐकावं लागतं. आधी आजारी आणि म्हातारे, मग ज्या घरात तुमच्या गैरहजेरीत मृत्यू झाला ती घरं, मग बाकीची. मृत्यू झालेल्या घरी जाताना फळं न्या, मिठाई नको. प्रार्थना पाच मिनिटांची करा आणि मग त्यांना बोलू द्या.

नेण्याची भेट तुमच्या क्षेत्रातली असावी. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, आणि विदर्भात कॉफी होते हेच कोल्हापुरात अनेकांना ठाऊक नसतं. घरटी पाव किलो धरली तर वीस घरांना पाच किलो. मध आणायचा तर बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक बांधून झाकण घट्ट करा आणि बाटली पिशवीत उभी ठेवा. सहा वर्षांच्या भाचीसाठी मात्र कॉफी चालत नाही, खिशात वेगळ्या दोन-चार वस्तू असू द्या.

एक सकाळ दफनभूमीसाठी राखा. खराटा, विळा, बादली, जुना ब्रश, मेणबत्त्या, फुलं. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं, पायात बूट हवेत, चप्पल नको. दगडावरची अक्षरं पुसट झाली असतील तर आधी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. ॲसिडने संगमरवर खडबडीत होतो आणि पुढच्या पावसात आणखी काळा पडतो. अक्षरांत काळा इनॅमल रंग बारीक ब्रशने भरायचा, सांडलेला थेंब सुकण्याआधी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसायचा. हे काम तरुण भाच्यांना सोबत घेऊन करावं. आजोबा कोण होते, कुठून आले, हे त्यांना तिथेच कळतं.

घरात ख्रिस्ती नसलेलेही नातेवाईक असतातच. त्यांच्याकडे जेवायला गेलात तर जेवायला गेलात, एवढंच. प्रसाद, हळदीकुंकू, ओटी यांपैकी काय घेणार आणि काय नाही, हे नवरा-बायकोने घरून निघण्याआधी ठरवावं. ताटासमोर एकमेकांकडे पाहत बसू नये. नाही म्हणायचं असेल तर हात जोडून, हसून, एकदाच. कारणांचा पाढा वाचला की जेवणाचा वाद होतो.

अहवालाची दहा मिनिटं

पहिल्या रविवारी मंडळीत जा, पण बोलू नका. पाळकसाहेबांनी उभं करून ओळख करून दिली तर "जय ख्रिस्त" म्हणा आणि बसा. या रविवारी काम वेगळं असतं. माइकचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का, पडदा आहे का, त्यावर खिडकीतून ऊन येतं का, उपासना खरोखर किती वाजता सुरू होते, लोक कशाने अस्वस्थ आहेत. मंडळीत दोन गट पडलेले असतील तर तेही याच रविवारी कळतं. अशा वेळी दोन्हीकडच्या एकेका घरी जेवा, एकाच आठवड्यात, आणि एका घरातलं दुसऱ्या घरी बोलू नका. कोण कुणाकडे आधी जेवलं याचा हिशेब कोल्हापुरात पक्का ठेवला जातो.

दुसऱ्या रविवारी वीस मिनिटं आधी पोहोचा. पुरुषाने साधा सदरा, बाईने नेहमीची साडी. क्षेत्रातला आदिवासी पोशाख घालून उभं राहण्याची हौस टाळा, तो दुसऱ्यांचा रोजचा पोशाख आहे, प्रदर्शनाचा नाही. गावाकडच्या मंडळीत चपला दाराबाहेर काढायच्या असतात, आधी इतरांकडे पाहा.

दहा मिनिटं म्हणजे लिहिलेले साधारण हजार शब्द. लिहून, घड्याळ लावून, मोठ्याने एकदा वाचा. बहुतेकांचं पहिलं वाचन सतरा-अठरा मिनिटांवर जातं. कापायचं ते सुरुवातीचं. "मी या मंडळीचं लेकरू, या शब्बाथ शाळेत शिकलो" ही तीन मिनिटं सगळ्यांना ठाऊक असतात. अमेरिकन मिशनरी वायल्डर दांपत्य १८५२ मध्ये कोल्हापुरात आलं आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट, ज्याने पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मिशनरी चळवळ उभी केली, तो १८६३ साली इथेच जन्मला, हा इतिहासही कोल्हापूरकरांना कोल्हापुरात येऊन सांगू नये. बाहेरून येणारा प्रत्येक पाहुणा नेमका तोच सांगतो. तुम्ही जे पाहता ते त्यांनी पाहिलेलं नाही, ते सांगा.

क्षेत्र कुठे, पाणी किती लांब, दवाखाना किती लांब. लोक कोणती भाषा बोलतात: मेळघाटातली कोरकू मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही, ती मुंडा कुळातली आहे, म्हणून मराठी शाळेत पहिलीला बसलेलं कोरकू मूल वर्षभर गप्प असतं. असा एक मुद्दा धरून त्यावर तीन मिनिटं बोललात तर लोक घरी गेल्यावरही त्याबद्दल बोलतात. मग यंदा काय केलं आणि काय फसलं. फसलेलं सांगितल्याशिवाय बाकीच्यावर विश्वास बसत नाही. शेवटी प्रार्थनेचे तीन विषय, तीनच. सात सांगितले तर एकही लक्षात राहत नाही. ते अर्ध्या कागदावर छापून दाराशी ठेवा, शंभर प्रती पुरतात.

फोटो बारा ते पंधरा. एकेका फोटोला वीस सेकंद धरली तर तुमच्या वेळेतली चार-पाच मिनिटं गेली, हे लक्षात ठेवा. सगळे पीडीएफमध्ये, पेनड्राइव्हवर, आणि तेच फोनमध्येही. मराठी मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असला तर मंडळीच्या लॅपटॉपवर तो उघडल्यावर किडे-मुंग्या दिसतात. पीडीएफ केली की हा घोटाळा होत नाही. व्हिडिओ दाखवायचा तर दोन मिनिटांच्या आत, आणि शनिवारी संध्याकाळी तिथल्या ध्वनियंत्रणेवर एकदा चालवून पाहा. रविवारी सकाळी पहिल्यांदा जोडलेला व्हिडिओ आवाजाशिवाय चालतो, हा जवळजवळ नियमच.

कोणते फोटो नकोत, तेही पक्कं ठरवा. आजारी, कुपोषित, उघडी लेकरं नकोत. बाप्तिस्म्याचे नकोत. वसतिगृहातल्या किंवा अनाथ मुलांचं नाव आणि चेहरा सोबत दाखवायचा नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि चर्चमध्ये दाखवलेला फोटो दुपारपर्यंत दहा व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो. मोठ्या माणसांचेही त्यांना विचारूनच. साक्ष सांगताना गावाचं आणि माणसाचं नाव बदलायचं नाही, गाळायचं. बदललेलं नाव खरं मानून कोणीतरी त्या गावच्या कोणाला फोन करतो.

पत्नीला किती वेळ, हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. बऱ्याच ठिकाणी पुरुष दहा मिनिटं बोलतो आणि "आता बाई एक गीत म्हणतील" होतं. क्षेत्रात घराघरांत जाणारी, बाळंतिणींजवळ बसणारी तीच असते. पाच-पाच मिनिटं वाटून घ्या, आणि महिला मंडळाची बैठक पूर्ण तिच्याकडे ठेवा. तिथे प्रश्न जास्त येतात आणि खरेही तिथेच येतात. शब्बाथ शाळेत पंधरा मिनिटं पुरे: हातात देता येतील अशा चार गोष्टी, मोहाचं फूल, सागाचं बी, पानांचा द्रोण, आणि एक कृतिगीत.

पैसा

निघतानाच तीन पाकिटं करा. एकावर "मिशन", दुसऱ्यावर "स्वतःसाठी मिळालेलं", तिसऱ्यावर "दुसऱ्याला पोहोचवायचं". लोक दारात हात हातात घेतात आणि पाचशेची नोट मुठीत दाबतात. त्या क्षणी विचारा, "मावशी, हे सेवेसाठी की लेकरांच्या खाऊसाठी?" विचारायला लाज वाटते, पण न विचारलेली नोट संध्याकाळी कोणत्या पाकिटात घालायची हे कळत नाही, आणि वर्षाने मावशी पावती मागते. बाहेर आल्यावर लगेच वहीत नाव, रक्कम, हेतू.

उपासनेतलं अर्पण मंडळीच्याच दोन माणसांनी मोजावं, तुम्ही मोजायला बसू नका. त्यांनी ते मिशनच्या खात्यावर भरावं किंवा मिशनच्या नावाची पावती घेऊन द्यावं. ऑनलाइन द्यायचं तर मिशनचा क्यूआर कोड छापून न्या. स्वतःच्या फोनवरचा कोड दाखवला की पैसे तुमच्या खात्यात येतात, आणि नंतर कितीही प्रामाणिकपणे पुढे पाठवले तरी हिशेबात ते तुमचे दिसतात. दानावरची आयकर सवलत (लोक तिला ८०जी म्हणतात) हवी असणाऱ्यांना आधीच सांगा: दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलं तर ती मिळत नाही.

परदेशातले नातेवाईक त्याच काळात घरी आलेले असतील तर सावध राहा. परदेशी नागरिकाने दिलेलं दान, मग ते रुपयांत रोख दिलेलं का असेना, परदेशी अंशदान ठरतं. ओसीआय कार्ड असलेला, म्हणजे मूळचा भारतीय पण आता परदेशी नागरिक झालेला, तुमचा सख्खा मामाही त्यात आला. मिशनकडे एफसीआरए (परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर ते घेताच येत नाही, आणि असेल तर ठरलेल्या खात्यातूनच घ्यावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भाऊ आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देतो, ते यात मोडत नाही. "खात्यावर नको, हातातच घे" म्हणणाऱ्या मामाला नम्रपणे नाही म्हणा.

जोडप्यातलं एक जण परदेशी नागरिक असेल तर पर्यटक व्हिसावर चर्चमध्ये उपासनेला बसता येतं, उपदेश आणि प्रचार करता येत नाही. ओसीआय धारकालाही मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते. ते ज्या घरी उतरतील त्या घरमालकाने २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची असते. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. घर सासऱ्याचं असलं तरी ही नोंद करावीच लागते.

पंगत

दुसऱ्या शनिवारी किंवा रविवारी दुपारी घरी एक जेवण ठेवतात, आणि कोल्हापुरात ते मटणाचंच होतं. पंचवीस माणसांना साडेचार किलो मटण, अडीच किलो तांदूळ, पंच्याहत्तर-ऐंशी भाकरी किंवा चपात्या. पांढऱ्या रश्शाला पाच-सहा नारळ, काजू आणि खसखस. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळला की फुटतो आणि वर तेल तरंगतं. मटण शिजवलेलं आळणी पाणी गरम असतानाच मंद आचेवर दूध घालायचं, सतत ढवळायचं, मीठ शेवटी. फुटलाच तर थोडी काजू-पेस्ट पाण्यात घोळवून घाला, पूर्ण जुळत नाही पण ताटात चालून जातो.

पाहुण्यांसाठी एक सूचना. तीन वर्षं डाळ-भातावर राहिलेल्या पोटाला पहिल्याच दिवशी तांबडा रस्सा झेपत नाही. पहिले दोन दिवस पांढऱ्यावर राहा, तांबडा अर्धी वाटी. वाटी रिकामी ठेवली की भरतात, म्हणून थोडं शिल्लक ठेवून वाटीवर हात ठेवायचा.

जेवणानंतरची प्रार्थना घरातच, आवाज घरापुरता. लाउडस्पीकर लावायचाच झाला तर परवानगीने, आणि रात्री १० ते सकाळी ६ मुळीच नाही.

परत निघताना

शेवटचा रविवार दुपारनंतर आणि सोमवार सकाळ पूर्ण मोकळी ठेवा. या वेळात वहीतले दिलेले शब्द वेगळ्या पानावर उतरवा. कोणाला कोरकू मुलांसाठी जुनी पुस्तकं पाठवायची आहेत, कोणाच्या मुलाला पुढच्या मेमध्ये क्षेत्र पाहायचं आहे, कोणाच्या आजाराचं रोज नाव घेतो म्हणालात. पावत्या पंधरा दिवसांत आणि आभाराचं पत्र कमिटीच्या पुढच्या सभेआधी पोहोचलं पाहिजे, म्हणजे ते सभेत वाचलं जातं.

सामानात गूळ येतोच. नोव्हेंबरात गुऱ्हाळं नुकतीच सुरू झालेली असतात, त्यामुळे ताजा मिळतो. फार पिवळाधमक निवडू नका, किंचित तांबूस आणि बोटाने दाबल्यावर घट्ट असलेला घ्या. एक किलोची ढेप आधी वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये. उलट केलं तर आतल्या आत पाझरतो. कांदा-लसूण मसाला स्टीलच्या डब्यात, डबा दोन पिशव्यांत, आणि कपड्यांच्या बॅगेत कधीच नाही, कारण मसाल्याचं तेल झिरपलं की तो वास साडीतून वर्षभर जात नाही. आईने दिलेला डबा हातातल्या पिशवीत वर ठेवा. महाराष्ट्र एक्स्प्रेस दुपारी सुटते आणि भूक मिरजेच्या आधीच लागते.